पैशाचा धाक आणि पैशाचा हिशेब



मुर्रीसारख्या गावात पैसा म्हणजे काय हे कुणाला शिकवण्याची गरज नाही. एका बाजूला धानाच्या बांध्या आणि दुसऱ्या बाजूला गोंदियाचे रेल्वे जंक्शन, तांदळाच्या गिरण्या व बाजारपेठ, यांच्यामध्ये वावरणारा माणूस पैशाचे शास्त्र रोज अनुभवत असतो. आषाढात रोवणीची मजुरी कुठून आणावी आणि मार्गशीर्षात धान विकल्यावर ती रक्कम कुणाकुणाला वाटून द्यावी, या दोन प्रश्नांतच त्याचे वर्ष सरते. असे असूनही पैशाविषयी उघड बोलणे आपल्या समाजात असभ्यपणाचे मानले जाते. हमीभावावर सभा होते, सिंचनावर परिषद होते. परंतु घरावर नेमके किती कर्ज आहे, हे शेजाऱ्याला तर नाहीच, पुष्कळदा घरातील बाईलाही ठाऊक नसते.

अलीकडे पैशाशी 'निरोगी नाते' जोडावे असा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. खर्च लिहून ठेवावा, बचत करावी, मोह आवरावा, मन शांत ठेवावे, असे त्याचे स्वरूप असते. हा उपदेश चुकीचा आहे असे नव्हे. परंतु आजार माणसाच्या मनातच आहे, हे तो गृहीत धरतो. ज्याचे उत्पन्न वर्षातून एकदा येते आणि ज्याचा खर्च दररोज असतो, त्याला काटकसरीचे धडे देणे म्हणजे अनवाणी माणसाला चपला जपून वापरण्याचा सल्ला देणे होय. उलट, समाजवादी चळवळीतील माणूस सारा दोष व्यवस्थेवर टाकतो आणि स्वतःचा, स्वतःच्या घराचा व स्वतःच्या संघटनेचा पैशाचा व्यवहार तसाच अंधारात ठेवतो. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत.

पैशाविषयी समाजात तीन वृत्ती आढळतात. पहिली पूजेची, तिच्याविषयी या व्यासपीठावर अधिक सांगणे नको. दुसरी धाकाची; ती ऋणकोची वृत्ती आहे. तिसरी तिरस्काराची, आणि ती विशेषकरून ध्येयवादी कार्यकर्त्यांमध्ये आढळते. 'पैशाला हात लावीत नाही' असे अभिमानाने सांगणारा पूर्णवेळ कार्यकर्ता जेव्हा दौऱ्यावर निघतो, तेव्हा किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत नाव त्याच्या पत्नीचे असते. त्याच्या त्यागाचा निम्मा खर्च तिने शाळेत शिकवून, शिवणकाम करून किंवा विड्या वळून भागवलेला असतो. ज्या त्यागाचा भार दुसऱ्याने न विचारता उचलावा लागतो, त्याला त्याग म्हणावे की नाही, याचा विचार चळवळीने केला पाहिजे. पैशाचा तिरस्कार हा पुष्कळदा पैशाचा हिशेब टाळण्याचा प्रतिष्ठित मार्ग असतो.

महाराष्ट्राच्या इतिहासात कर्जाच्या वहीचे काय करावे, या प्रश्नाला दोन प्रसिद्ध उत्तरे मिळालेली आहेत. पहिले देहूचे. तुकोबांच्या घरी वाण्याचा व्यवसाय व सावकारी होती. दुष्काळाने घर उद्ध्वस्त झाल्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. धनकोने स्वतःहून आपला हक्क सोडून देणे, हे या प्रसंगाचे मर्म आहे. त्याची थोरवी निर्विवाद; परंतु एका संताने सोडलेल्या हक्कामुळे सावकारी संपली नाही, हेही तितकेच खरे.

दुसरे उत्तर सुप्याचे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले आणि दख्खनच्या शेतकऱ्याची पतही वाढली. युद्ध संपले, भाव कोसळले, सरकारी साऱ्याचा बोजा मात्र वाढला; आणि चढत्या भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज उतरत्या भावात फेडण्याची पाळी आली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला व तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या उठावाचे वैशिष्ट्य असे की लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर फारसा नव्हता. त्यांना हवे होते ते त्याच्याजवळचे कर्जरोखे. ते हाती आले की जाळून टाकले जात. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य देणारा कायदा झाला आणि न्यायालयांना कर्जाच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार मिळाला. जाळपोळीने जे साधले नाही, त्याचा थोडा अंश या अधिकाराने साधला. तरीही शेतकऱ्याला पैसा लागतच राहिला, आणि तो देणारा दुसरा कोणी नसल्यामुळे नवे रोखे लिहिले गेले.

एकाने वही बुडवली, दुसऱ्यांनी ती जाळली. तिसरा मार्ग वही वाचण्याचा आहे. तो दिसायला अगदी साधा वाटतो. पण ज्या समाजात अक्षर आणि आकडा ही शतकानुशतके मोजक्या जातींची मालमत्ता होती, तेथे ऋणकोने वही वाचणे हीच मोठी उलथापालथ आहे. सावकाराची खरी सत्ता तिजोरीइतकीच त्या वहीत होती. जोतीराव फुल्यांनी अविद्या आणि वित्तहानी यांचा संबंध जोडला, तो याच अनुभवातून.

वाचणे म्हणजे काय, हे उदाहरणाने पाहू. धानाच्या मुलखात सवाई आणि दिढी हे शब्द सर्वांच्या परिचयाचे आहेत. आषाढात एक खंडी धान उचलायचे आणि पीक आल्यावर सव्वा खंडी परत करायचे, ही सवाई. ऐकताना पावपट जास्त, एवढेच वाटते. परंतु आषाढ ते मार्गशीर्ष हे अंतर पाच महिन्यांचे आहे. पाच महिन्यांना पंचवीस टक्के, म्हणजे वर्षाला साठ टक्के. दिढीचा हिशेब वर्षाला एकशे वीस टक्क्यांवर जातो. शिवाय धान उचलतो तेव्हा त्याचा बाजारभाव चढा असतो आणि परत करतो तेव्हा सुगीमुळे उतरलेला असतो. सवाईत देणाऱ्याने हा फरकही आपल्या हिशेबात धरलेला असतो. ज्याला पावपट ही वाढ सोपी वाटते, त्याचा दोष अज्ञानाचा नाही. व्याजाचा दर आणि मुदत यांना कोणी त्याच्यासमोर एकत्र ठेवलेलेच नाही.

सवाई जुनी झाली, पण तिचे तर्कशास्त्र जुने झालेले नाही. आज गावोगाव महिलांचे गट करून सूक्ष्म वित्तसंस्था कर्जे देतात. असे समजा की बारा हजारांचे कर्ज आहे, ते बारा समान मासिक हप्त्यांत फेडायचे आहे आणि व्याज 'सरळ बारा टक्के' सांगितले आहे. वर्षाचे व्याज १४४० रुपये, एकूण परतफेड १३,४४० आणि हप्ता ११२० रुपये. बारा टक्के कुणालाही जड वाटणार नाहीत. परंतु ते बारा हजार वर्षभर त्या बाईच्या हाती नसतात; दर महिन्याला मुद्दल घटत जाते. वर्षभरात सरासरीने तिच्याजवळ असतात केवळ साडेसहा हजार, आणि व्याज मात्र बारा हजारांवर मोजलेले असते. साडेसहा हजारांवर १४४० म्हणजे खरा दर बावीस टक्क्यांच्या आसपास होतो. त्यातून प्रक्रिया शुल्क व विमा आधीच कापून घेतला असेल तर तो आणखी वाढतो. ही आकडेमोड सातवीच्या गणिताची आहे. ती बैठकीत मोठ्याने करून दाखवणे, हे पक्षाच्या कार्यकर्त्याचे काम आहे. त्यासाठी अर्थशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही.

गटाच्या कर्जात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. एकीचा हप्ता चुकला की उरलेल्यांनी तो भरावा, अशी जामीनकी त्यात असते. परिणामी वसुलीचे काम शेजारणीच शेजारणीवर करतात. सावकार एकटा होता, त्याच्याविरुद्ध गाव एक होऊ शकत होते. येथे गावच गावाचा तगादेदार होतो. ज्या घरात आजारपण आले त्या घराची लाज ही परतफेडीची हमी बनते. पूर्वीच्या आंध्र प्रदेशात २०१० साली या कर्जांनी किती कुटुंबांची वाताहत केली, आणि तेथील सरकारला कायदा करून हस्तक्षेप का करावा लागला, हे विसरता येण्यासारखे नाही.

येथे कायदा अगदीच निष्प्रभ नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार, कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या पन्नास टक्क्यांपेक्षा अधिक होता कामा नयेत. कर्जाचे कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत असले पाहिजे. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास दंड घेता येत नाही. सकाळी नऊच्या आत आणि सायंकाळी सहानंतर वसुलीसाठी दारात येता येत नाही. खाजगी सावकारीसाठी महाराष्ट्राचा २०१४ चा कायदा आहे. त्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा कारावासास पात्र गुन्हा आहे, आणि सावकारीच्या व्यवहारात पंधरा वर्षांच्या आत गेलेली जमीन चौकशीअंती परत मिळवण्याची तरतूद त्यात आहे. या गोष्टी किती गावांत भिंतीवर लिहिलेल्या आढळतात? निवडणुकीत भिंती रंगवणाऱ्या पक्षाने हा प्रश्न स्वतःला विचारावा.

मात्र केवळ सावकाराला दूषणे देऊन भागत नाही, हे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पाहणीनेच दाखवून दिले. १९५१-५२ साली ग्रामीण पतपुरवठ्याची अखिल भारतीय पाहणी झाली. तिचे मार्गदर्शन करणाऱ्या समितीत धनंजयराव गाडगीळ होते. सहकारी कायदा १९०४ साली झाला होता. जवळजवळ अर्धशतकानंतर शेतकऱ्याच्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा होता सुमारे तीन टक्के, आणि सावकारांचा जवळजवळ सत्तर टक्के. या निष्कर्षाने निराश होऊन सहकार सोडून द्यावा, असे त्या समितीने म्हटले नाही; राज्यसंस्थेने त्यात भागीदार व्हावे आणि कर्ज, विक्री व प्रक्रिया यांची सांगड घालावी, असे सुचवले. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८२ साली नाबार्ड स्थापन झाली, २०१४ नंतर कोट्यवधी जनधन खाती उघडली. प्रत्येक टप्प्यावर पैसा गावाजवळ आला. परंतु खाते उघडणे आणि त्या खात्यातील पैशावर अधिकार मिळणे, या भिन्न गोष्टी आहेत. २०२४ पासून राज्यातील बहिणींच्या खात्यात दरमहा रक्कम जमा होऊ लागली. ती काढायला कोण जाते, ती कशावर खर्चावी हे कोण ठरवते, आणि ती कुणाच्या उपकाराची मानली जाते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून त्या घरातील पैशाचे आरोग्य कळते.

या परिसराचे एका थोर अर्थशास्त्रज्ञाशी नाते आहे. गोंदिया हा १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. १९५४ साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी उभे राहिले आणि पराभूत झाले. त्याच वेळी सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता निवडून आले. रुपयाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९२३ साली ग्रंथ लिहिला होता. चलनाच्या शास्त्रात त्यांनी सामान्य माणसाच्या दृष्टीने एक गोष्ट ठामपणे मांडली: परदेशी हुंडणावळीच्या दरापेक्षा देशातील रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहणे अधिक महत्त्वाचे आहे. मजुराच्या हातात रुपयांची संख्या वाढली, पण त्यात येणारे तांदूळ कमी झाले, तर त्याची मजुरी कुणीही न कापता कापली गेलेली असते. घरातील बचतीचा उपदेश करणाऱ्याने या न दिसणाऱ्या कपातीविषयीही बोलले पाहिजे.

दिसणारी कपात विडी कामगार स्त्रीला परिचयाची आहे. तिने वळलेल्या विड्यांपैकी काही 'छाट' म्हणून बाजूला काढल्या जातात आणि त्यांची मजुरी मिळत नाही. पाने कमी दिली असतील तर ती भर तिनेच घालायची. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून काम करणारीलाही कामगार मानले, आणि छाटीचा व कच्च्या मालाचा वाद हा दाद मागण्याजोगा वाद ठरवला. पण दाद मागायची तर किती पाने मिळाली, किती विड्या दिल्या, किती छाटल्या, याची नोंद हवी. ती नोंद सट्टेदाराच्या वहीत असते, तिच्या वहीत नसते. पुन्हा प्रश्न वहीपाशीच येतो.

आता पैसा आणि संपत्ती यांतील भेदाकडे वळू. या जिल्ह्यांना तलावांचे जिल्हे म्हणतात. कोहळी समाजाच्या कर्तबगारीतून येथे शेकडो तलाव उभे राहिले; नवेगावबांधचा तलाव हे त्याचे ठळक उदाहरण. मालगुजारीत अन्याय होता, आणि ती १९५१ साली संपली हे योग्यच झाले. परंतु तलाव सरकारजमा झाल्यावर त्यांची देखभाल आपली, ही भावना क्षीण झाली. गाळ साचला, पाट बुजले, अतिक्रमणे झाली. तलाव ही अशी संपत्ती आहे की जिच्यातून धान पिकते, ढिवराची मासळी वाढते, गुरांना पाणी मिळते; आणि यांपैकी पुष्कळसे कोणत्याही बँकेच्या खात्यावर दिसत नाही. पैसा ही त्या संपत्तीवरील मागणीची चिठ्ठी आहे. चिठ्ठ्या वाढल्या आणि तलाव आटला, तर गाव श्रीमंत झाले असे म्हणता येणार नाही.

सामाईक संपत्तीचा कारभार लोक नीट करू शकत नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्यानुसार २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला आणि विक्रीचा पैसा ग्रामसभेच्या खात्यावर जमा होऊ लागला. त्या गावात निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात, आणि हिशेब सभेपुढे मांडला जातो. गोंदिया जिल्ह्यात देवरीच्या बाजूला काही ग्रामसभांनी तेंदूपत्त्याची विक्री स्वतः करण्याचा मार्ग धरला. त्यांच्याही अडचणी आहेत. ठेकेदारांची दिरंगाई आहे, भावाचे चढउतार आहेत. पण एवढे सिद्ध झाले की पैसा चावडीवर, सर्वांच्या डोळ्यांदेखत मोजला गेला की त्याचा धाक कमी होतो.

शेवटी मर्यादेचा प्रश्न. १९६३ साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहिया यांनी बहुसंख्य भारतीयांचे दैनिक उत्पन्न तीन आणे असल्याचे सांगून खळबळ उडवून दिली. सरकारी बाजू पंधरा आण्यांचा आकडा सांगत होती. तो वाद आकड्यापुरता नव्हता. एकाच देशातील दोन खर्चांमधील अंतर किती असावे, याचा तो वाद होता. लोहियांनी व्यक्तिगत खर्चावर मर्यादा घालण्याचा आग्रह धरला. हा आग्रह संसदेत हरला; पण लग्नमंडपात तो आजही धरता येतो. वऱ्हाडाच्या जेवणावळीसाठी दोन एकर गहाण पडतात, तेव्हा दोष केवळ सावकाराचा नसतो. ज्याला परवडते त्याने केलेला थाट हा, ज्याला परवडत नाही त्याच्यावर लादलेला कर असतो. म्हणून साधेपणाचा आरंभ ज्याला परवडते त्याने करायचा आहे. गरिबाने साधे लग्न केले तर त्याला गरिबी म्हणतात; पुढाऱ्याने केले तरच त्याची चाल पडते.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढे चार साधी कामे आहेत. पहिले, प्रत्येक शाखेने आपला जमाखर्च दर महिन्याला फलकावर लावावा. जो पक्ष स्वतःची वही झाकतो, त्याला सावकाराची वही मागण्याचा नैतिक अधिकार नाही. दुसरे, महिन्यातून एक संध्याकाळ गटातील महिलांनी आपापली कर्जाची कार्डे घेऊन एकत्र बसावे आणि खरा दर काढावा. कोण किती कर्जात आहे याची लाज त्या बैठकीच्या दाराबाहेर ठेवावी. तिसरे, विडी वळणारीने आणि धान विकणाऱ्याने स्वतःची नोंदवही ठेवावी. अक्षर येत नसेल तेथे शाळेतील मुलीने ती लिहावी. चौथे, कार्यकर्त्याने आपल्या घरात पत्नीपुढे मिळकत आणि देणे दोन्ही मांडावे व खर्चाचा निर्णय दोघांनी मिळून घ्यावा. हे चौथे काम सर्वांत अवघड आहे, आणि ते टाळून केलेली पहिली तीन टिकणार नाहीत.

एवढ्याने भांडवलशाही कोसळणार नाही, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. व्याजाचे दर, धानाचा भाव, चुकाऱ्यांची दिरंगाई, आजारपणाचा खर्च यांवरचा लढा सरकारशी आणि बाजाराशी लढावाच लागेल. पण ज्याला आपले देणे नेमके किती आहे हे ठाऊक नाही, तो मोर्च्यात आला तरी रात्री तगादेदाराच्या आवाजाने दचकून उठतो. आकडा उजेडात आलेल्या माणसाचे कर्ज तेवढेच राहते; पण त्याची मान वर होते, आणि शेजारी बसलेल्याचाही आकडा जवळजवळ तोच आहे हे त्याला प्रथमच कळते. संघटनेचा आरंभ तेथून होतो.